पैलवानाचा शड्डू

"बाजूला व्हा, बाजूला व्हा, पैलवान येतोय!"

सुदाममामा रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा होता आणि त्याच्यापुढं खरंच एक एसटी थांबली. ड्रायव्हरला वाटलं असणार, तालमीतला कोणीतरी गडी मैदान मारून आलाय. आली ती आमची निळी बादली. एका बाजूनं पप्पांनी धरलेली, दुसऱ्या बाजूनं मी. वर ओला टॉवेल आणि आत पैलवान.

"हळू, तनू. हिंदकळतंय."

"माझ्याकडनं नाही, तुमच्याकडनं. तुम्ही नवरदेवासारखं चालताय."

"बरं बाई, माझ्याकडनं."

एसटीच्या खिडकीतून एका म्हातारीनं विचारलं, "काय हाय गं बादलीत?"

"पैलवान," मी म्हटलं.

"अगं बया!" म्हणून तिनं डोकं आत घेतलं.

पैलवान म्हणजे मासा. फ्लॉवरहॉर्न जातीचा. अंग गुलाबी-लाल, कुशीवर काळे ठिपके, आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ, जणू कुणाच्या तरी उंबऱ्यावर दाणकन आपटलंय. आमच्या विट्याची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. त्यातल्याच मद्रासच्या एका शेठनं गावी आल्यावर पप्पांकडून दाढी करून घेतली आणि खूश होऊन हा मासा दिला. पिशवीतून आला तेव्हा माझ्या करंगळीएवढा होता. मी सहावीत जाईपर्यंत पप्पांच्या तळहातात मावेना. ते टेंगूळ आणि ती छाती बघून हिंदुराव वस्तादांनी त्याचं नाव पैलवान ठेवलं. वस्ताद गावातली तालीम चालवायचे, त्यामुळे त्यांनी एकदा नाव ठेवलं की ते बदलत नसे.

पप्पांचं जुनं सलून म्हणजे एक खुर्ची, एक बाक, एक आरसा. पैलवानाची टाकी दाराजवळ. केस कापून झाले की मागची बाजू दाखवायला पप्पा एक गोल हातआरसा धरतात. एखादं पोर खुर्चीत भोकाड पसरायला लागलं की पप्पा तोच आरसा टाकीच्या काचेला लावायचे. पैलवान क्षणभर बघायचा. मग कल्ले फुगवायचा, पर ताठ करायचा, अंगावरचा लाल रंग पेटून उठायचा आणि आरशावर चाल करून जायचा. सगळं दुकान ओरडायचं, "ठोकला! शड्डू ठोकला!" रडणारं पोर गप्प. तेवढ्यात पप्पा आरसा काढून घ्यायचे, "जिंकलास गड्या, जिंकलास," म्हणायचे आणि वरून एक दाणा टाकायचे. पैलवान दाणा खाऊन टाकीभर एक चक्कर मारायचा. काय तो तोरा! समोरचा पळून गेला होता ना.

पप्पांना दुपारी जेवायला सोडायचं म्हणून शाळा सुटली की मी दुकानात असायचे. आरसा दाखवायचं काम हळूहळू माझ्याकडं आलं. "जिंकलास" म्हणायचंही. तेव्हा मी चारचौघांत तोंड उघडत नसे. वर्गात बाईंनी नाव पुकारलं तरी शेजारची मुलगी माझ्या वतीनं "हजर" म्हणायची. आता दहावीत शाळेच्या कुठल्याही कार्यक्रमात माईक माझ्या हातून काढून घ्यावा लागतो, पण तेव्हा सगळ्या गावात माझा आवाज मोकळा निघायचा तो फक्त एका माशापुढं.

तर, नवं दुकान. रस्त्याच्या पलीकडं, जुन्याच्या चौपट. मामा फर्निचरचं काम करतो. मम्मीचा धाकटा भाऊ तो. त्यानं सगळं मनावर घेतलं. या भिंतीला ओळीनं खुर्च्या, त्या भिंतीला ओळीनं खुर्च्या. दोन्ही भिंतींना वरपासून खालपर्यंत आरसे. आणि मधोमध कंबरेइतक्या ओट्यावर नवी टाकी, चारही बाजूंनी उघडी, आमच्या बाथरूमएवढी मोठी वाटावी अशी. जुनी टाकी त्यानं नंतर मोडली आणि तिच्या काचांच्या क्रीम-पावडरी ठेवायच्या फळ्या केल्या. "मामाच्या हातून काही वाया जात नाही," असं मामा स्वतःच म्हणायचा.

बादली उतरवल्यावर तो पप्पांना म्हणाला, "दाजी, आता हातात आरसा धरायची भानगडच नको. इकडं आरसा, तिकडं आरसा. कुठल्या बी खुर्चीत बसा, पैलवान समोर. गडी दिवसभर शड्डू ठोकणार आणि लोक आपण होऊन येणार."

"पाणी मानवंल नव्हं त्याला?" पप्पांना तेवढीच काळजी. त्यासाठी त्यांनी जुनं पाणी बादल्या-बादल्यांनी आणून नव्यात मिसळलं होतं, जुनी वाळूही न धुता आणली होती. आधी पाण्यात हात घालून घालून ते गार आहे की कोमट ते बघत होते, जसं माझ्या अंघोळीचं बघायचे.

टॉवेल काढला. पैलवान नव्या टाकीत उतरला. क्षणभर तळाशी थांबला आणि मग असा काही फुलला की मी तसा तो कधीच बघितला नव्हता. या टोकाला धाव, वळण, त्या टोकाला धाव. लोक टाळ्या वाजवायला लागले. नारळ फोडायला आलेले हिंदुराव वस्ताद मिशीला पीळ देत म्हणाले, "खुशीत आलाय गडी. नव्या तालमीत पाऊल टाकलं की अंगात असंच वारं शिरतं."

पप्पांचे डोळे चमकत होते. मी टाकीजवळ जाऊन उभी राहिले तर मामानं मला खांद्याला धरून बाजूला घेतलं.

"तनू, आता तू इथं बसायचं न्हाय हं. मोठी व्हायला लागलीस. जेंट्स पार्लरमध्ये पोरगी बरी दिसत न्हाय."

मी पप्पांकडं बघितलं. पप्पा पेढे वाटत होते.

म्हणजे मग माझ्या वाटणीला राहिला सोमवार. सोमवारी सलून बंद असतं. त्या दिवशी मम्मी आठवड्याची सगळी कापडं, गिऱ्हाइकांच्या अंगावर टाकायची ती, आणि ढीगभर नॅपकिन गरम पाण्यातून काढायची. बाहेर रस्त्याचं काम चाललेलं, फुफाटा उडायचा. म्हणून ती धुणं दुकानातच वाळत घालायची. दोन्ही भिंतींच्या कडेकडेनं मामानं खिळे मारून दोऱ्या बांधून दिल्या होत्या. पांढरी ओली कापडं या टोकापासून त्या टोकापर्यंत. पंखे पूर्ण. शटर अर्धं खाली. मी त्या कापडांमधून टाकीपाशी जायचे, बोटावर दाणा ठेवायचे, आणि पैलवान सावकाश वर यायचा. ओठांनी बोट चाचपायचा. दाणा घ्यायचा. दुसरा घ्यायचा. तळाशी जाऊन वाळू उपसायचा, पुन्हा वर.

"मम्मी, बघ, कसा खातोय."

"खाऊ दे. तू ते नॅपकिन आण इकडं."

इतर दिवशी मला बातम्या मिळायच्या जेवायला बसल्यावर.

"नाचतोय कसला!" पप्पा सांगायचे. "सकाळी लाइट लावली की जो सुरू होतो... एक गिऱ्हाईक तर नुसतं त्याला बघायला आलं आणि लाजून दाढी करून गेलं."

"मग! सांगितलं न्हवतं?" मामा. तो जेवायला आमच्याकडंच असायचा.

"पण खात न्हाय रे. आज दाणा टाकला तसाच बुडाला. काल पण."

"नाचून नाचून भूक मेली आसंल. पाणी बदललं की माणसांची पोटं बिघडत्यात, ह्यो तर मासा."

मी भाकरीचा तुकडा तोंडात तसाच ठेवून म्हटलं, "माझ्याकडून खातो की."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सोमवारी? खाल्लं?" पप्पांनी विचारलं.

"भरपूर. मम्मीला विचारा."

पप्पा हसले. "आसं हाय तर. त्याला हातच तुझा लागतोय."

मला त्या रात्री गादीवर पडल्यावर आभाळही ठेंगणं वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी आपण होऊन तीन मुलींना सांगितलं की आमच्याकडं एक मासा आहे आणि तो माझ्याशिवाय जेवत नाही. त्यांनी आणखी चौघींना सांगितलं. मधल्या सुट्टीत माझ्याभोवती घोळका. मी बोलत होते, लोक ऐकत होते. काय मस्त वाटतं ते, एकदा कळलं की सुटत नाही.

पुढच्या सोमवारी पैलवानाच्या ओठांवर पांढरी साल निघाली होती. परांच्या कडा फाटल्या होत्या. तो आला वर, पण तिरका. दाणा घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मग तळाशी जाऊन पोट वाळूला टेकवून नुसता बसून राहिला.

पप्पांनी सांगलीहून औषध आणलं. निळे थेंब. दुकानात ज्यानं त्यानं सल्ला दिला. कुणी म्हणालं पाणी बाधलं, कुणी म्हणालं मीठ टाका, कुणी म्हणालं नजर लागली, टाकीवरून लिंबू-मिरची उतरवा. पप्पांनी सगळं केलं. लिंबू-मिरचीसुद्धा.

मग एके दिवशी सकाळी, मम्मी माझी वेणी घालत असताना, पप्पा दारात येऊन म्हणाले, "तनू, आज शाळा सुटली की दुकानात ये. तू भरव त्याला. न्हायतर जगायचा न्हाय तो."

मामा चहा पीत होता. "दाजी, गिऱ्हाइकं काय म्हणतील..."

मम्मी दातांत रिबीन धरूनच बोलली, "बापाचं दुकान हाय तिचं, सुदाम. परक्याचं न्हाय."

मी शाळेतून थेट गेले. गणवेशात, पाठीवर दप्तर. दुकान भरलेलं होतं. लग्नसराई, त्यात धंद्यासाठी बाहेर असलेली निम्मी माणसं गावी आलेली. टीव्ही लावलेला, मशिनी घरघरतायत. सगळ्या खुर्च्यांवरची डोकी आरशातून माझ्याकडं वळली. मला आत जाताना असं वाटत होतं की मी डॉक्टर आहे.

"या डॉक्टर," पप्पाही म्हणाले.

मी बाही वर केली, बोटावर दाणा ठेवला, बोट पाण्यात बुडवलं.

पैलवान आला नाही.

मी हाक मारली. बोटानं पाणी हलवलं. तो माझ्या हाताखालून गेला, शेपटी बोटाला घासून गेली, पण त्याचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. तो त्या टोकाला गेला आणि काचेवर तोंड आपटलं. टक्. वळला. या टोकाला आला. टक्. टीव्हीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. माझा कान काचेला लागला होता म्हणून मला ऐकू आलं. "बघा, बघा, पोरगी आल्यावर कसा उड्या मारतोय," मागून कुणीतरी म्हणालं.

मी गुडघ्यावर बसले. का बसले ते मला सांगता येणार नाही. त्याचं तोंड नीट बघायचं होतं म्हणून असेल. माझे डोळे त्याच्या उंचीला आले आणि तो बघत होता तिकडं मी बघितलं.

समोरच्या भिंतीत एक पैलवान होता. कल्ले फुगवलेला, ओठ सोललेले. त्याच्या मागं दुसरा, पाठमोरा. त्याच्या मागं तिसरा, पुन्हा तोंड करून. लांब लांब जात बारीक होत गेलेले, सगळे लाल. मी मान वळवून दुसऱ्या भिंतीकडं बघितलं. तिकडंही तसेच. आणि हा मधे. एकाकडं पाठ केली की दुसरा समोर. पळून कुणीच जात नव्हतं. "जिंकलास" म्हणायला कुणी नव्हतं.

आणि मला सोमवारची ती पांढरी कापडं आठवली.

खरं सांगते, मला पहिल्यांदा वाईट वाटलं ते त्याचं नाही. माझ्या हाताचं वाटलं. त्या हातात काहीच नव्हतं. सोमवारी आरसे झाकलेले असायचे, एवढंच होतं.

पण ते वाईट वाटणं फार टिकलं नाही, कारण तेवढ्यात पुन्हा टक् झालं.

पप्पा एकाची दाढी करत होते. मी त्यांच्या कोपराजवळ जाऊन उभी राहिले.

"पप्पा, आरसे झाका."

"काय?"

"त्याला वाटतंय समोर दुसरा मासा आहे. दोन्हीकडून. तो नाचत नाही, भांडतोय. सोमवारी मम्मीची कापडं असतात म्हणून तो जेवतो. आरसे झाका."

खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसातून हसलं. मामा तर मोठ्यानं हसला. "सलूनात आरसे झाकायचे? उद्या खानावळीत ताटं उपडी घालायला सांगंल ही."

पप्पा हसले नाहीत. त्यांनी वस्तरा बाजूला ठेवला, टाकीपाशी गेले आणि मी बसले होते तसे गुडघ्यावर बसले. एकीकडं बघितलं. दुसरीकडं बघितलं. बराच वेळ. उठले तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, त्यावरून मला कळलं की त्यांना कळलंय.

"टाकी मागच्या खोलीत न्यायला लागंल," ते म्हणाले.

"आज?" मी विचारलं.

"आज कसं? सगळं पाणी उपसायचं, ओटा उचलायचा, चार माणसं लागतील. दिवसभर दुकान बंद ठेवायला लागंल." ते वाट बघत बसलेल्या माणसांकडं बघत होते. बाकावर जागा नव्हती, दोघं दारात उभे होते. "रविवार होऊ दे. रविवारी संध्याकाळी शटर ओढलं की लगेच काढू. सोमवारी आरामात बसवू."

"तोपर्यंत टाकीला पेपर तरी लावा."

"अगं, पण लोक त्यालाच बघाय येत्यात," मामा म्हणाला. "पेपर लावून टाकी ठेवायची तर खोकंच ठेवू की."

"रविवार होऊ दे, तनू," पप्पा म्हणाले. "लांब न्हाय."

दुपारी जेवायच्या वेळेला गर्दी कमी असते, तेव्हा टाकीवर चादर टाकायचं त्यांनी कबूल केलं आणि टाकलीही. मम्मी डबा घेऊन जायची. ती सांगायची, चादर टाकली की गप्प बसतो, कल्ले तेवढे हलतात. मग कुणाचं तरी पोर यायचं, "मासा दाखवा, मासा दाखवा," म्हणायचं, आणि मामा जादूगारासारखी चादर ओढायचा.

रविवारी संध्याकाळी मी निळी बादली घेऊन गेले. टाकी हलवायची म्हणजे आधी त्याला बाहेर काढायला लागणार, हे माझं मी ठरवून ठेवलं होतं. दुकानात अजून गर्दी होती. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, सगळी डोकी आरशाकडं. बाकावर एक लहान मुलगी बसली होती, तिच्या बापाचे केस चालले होते. ती मला म्हणाली, "मासा झोपलाय."

पैलवान आडवा होता. पाण्याच्या वरच्या थरात, फिल्टरच्या धारेनं हळूहळू गोल फिरत. एक डोळा वर. रंग गेला होता, धुऊन धुऊन विटलेल्या साडीसारखा.

एवढी माणसं, एवढे आरसे, आणि कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"पप्पा," मी म्हटलं. तेवढंच.

पप्पांनी वळून बघितलं. कैची हातात तशीच. मशिनी बंद झाल्या एकेक करून. मामानं टीव्हीचा आवाज घालवला.

आणि मग सगळे एकदम चांगले वागायला लागले.

"भरत, वाईट वाटून घेऊ नको. घरावर आलेलं त्यानं अंगावर घेतलं बघ."

"तर! मासा मुका जीव, पण धन्याचं संकट ओढून नेतो."

"नवं दुकान, एवढी भरभराट. कुणाची तरी दृष्ट लागणारच होती. पैलवानानं छातीवर झेलली."

"नशीबवान हाय गा तू."

मामानं मान डोलावली. "मी म्हणणारच होतो दाजी."

पप्पा ऐकत होते. त्यांनीही मान डोलावली. मी ते बघितलं. आरशात बघितलं आणि समोरही बघितलं, दोन्हीकडं त्यांनी मान डोलावलीच होती.

मी बादलीत पाणी न घालता पैलवानाला ठेवलं, घरी नेलं, मम्मीनं आणि मी त्याला मोरीमागच्या आळूत पुरलं. टाकी मागच्या खोलीत गेली नाही. आता न्यायचं काय होतं?

पुढं आठवडाभर पप्पा जेवताना काही बोलले नाहीत. मामा बोलायचा. दुकानात जो येतो तो विचारतो, पैलवान कुठाय. आणि सांगितलं की संकट घेऊन गेला, की लोक हात जोडतात. एक बाई तर नवऱ्याबरोबर येऊन रिकाम्या टाकीला हळदकुंकू लावून गेली. "दुकानाचं नाव झालं," मामा म्हणाला.

पुढच्या मंगळवारी मी शाळेतून घरी येत होते. दुकानावरून जाताना काचेतून दिसलं की टाकीत लाइट लागलाय. मी आत गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

टाकीच्या पाण्यावर प्लास्टिकची पिशवी तरंगत होती, रबर लावून फुगवलेली. तिच्यात नवा मासा. पैलवानापेक्षा लहान, तसाच लाल, कपाळावर टेंगूळ नुकतं धरलेलं. मामा टाकीजवळ उभा होता, हातात कात्री, पिशवीचं रबर कापायला. पप्पा हिंदुराव वस्तादांची दाढी करत होते. वस्तादांचं तोंड निम्मं फेसात.

"सांगलीहून आणला," मामा मला म्हणाला. "कसा हाय? पैलवान नंबर दोन."

"तालीम कधी रिकामी राहत न्हाय," वस्ताद आरशातून म्हणाले. "एक गेला, दुसरा उतरला. पहिला लई गुणाचा. भरतचं संकट घेऊन गेला."

"नाही गेला," मी म्हटलं.

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मशीन चालवणारा कारागीर थांबला.

"काय म्हणतीस पोरी?"

"संकट नव्हतं वस्ताद. तुम्ही तालमीत एका गड्याला सकाळी उतरवून दुकानं बंद होईपर्यंत लढवता का?"

"न्हाय बा. मरंल की तो."

"एका वेळी दोघांशी?"

"आसली कुस्ती नसतीच."

"आणि कोण जिंकलं ते सांगायचंच नाही? समोरचा पडतच नाही, पळतच नाही, आणि लोक टाळ्या वाजवतायत? तसंच झालं त्याचं. त्याला आरशात दुसरा दिसत होता. तुम्ही म्हणालात खुशीत आलाय. तो खुशीत नव्हता. तो मरेपर्यंत लढला, आणि समोर कुणीच नव्हतं. आता याला टाका. हापण मरेल. मग म्हणा, दुसरं संकट घेऊन गेला."

  

मामानं कात्री खाली घेतली. "तनू, घरी जा. मोठ्या माणसांत बोलायची ही पद्धत..."

"सुदाम," पप्पा म्हणाले.

त्यांनी वस्तादांच्या गळ्यावरून वस्तरा उचलला आणि पुसला. बाकीच्या गिऱ्हाइकांकडं तोंड करून उभे राहिले.

"ती त्याच वेळी सांगत होती. मी वाकून बघितलं, मला दिसलं बी. आणि मी म्हटलं, रविवार होऊ दे. गर्दी होती." ते थांबले. "संकट-बिंकट काय न्हवतं. मी मारला त्याला."

"आरं भरत, आसं कशाला..." वस्ताद म्हणाले.

"सुदाम, पिशवी परत नेऊन दे. आत्ताच जा, त्याला उशीर नको. आणि येताना टाकीचं गिऱ्हाईक कुणी मिळतंय का बघ."

मामा पिशवी छातीशी धरून निघाला. जाताना माझ्याकडं असा बघत होता की मीच त्याचं फर्निचर मोडलंय. नंतर पुष्कळ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग एका दिवाळीला बोलला.

टाकी गेली, तिच्या जागी आता थंड पाण्याचा जार आहे. पण माणसं अजून विचारतात. बाहेरगावी असलेली, वर्षा-दोन वर्षांनी येणारी. खुर्चीत बसतात, आरशात बघतात आणि म्हणतात, "भरत, तुमचा तो पैलवान कुठं दिसंना?"

मी असले दुकानात तर ऐकते. पप्पा अंगावर कापड टाकतात, गळ्याशी गाठ मारतात आणि सांगतात. आरशांचं सांगतात, रविवारचं सांगतात, पोरीनं सांगितलेलं आणि आपण न ऐकलेलं सांगतात. काही गाळत नाहीत.  मग त्या माणसाला पप्पांना धीर द्यावासा वाटतो आणि तो म्हणतो, "जाऊ द्या हो. मासाच तर होता."

"हां," पप्पा म्हणतात. "मान सरळ ठेवा."